पद्मिनीचा फिल्टर आणि अब्बांची वही

मेहरूणमध्ये येऊन ‘फियाटवाल्या बाजी’ कुठे राहतात असं विचारलं, तर कुणीही आमचं घर दाखवील. गाडी खरं तर माझी नाही, मरहूम अब्बांची. आणि कागदोपत्री ती फियाटही नाही, प्रीमियर पद्मिनी आहे. पण लोक तिला फियाटच म्हणत आले, आणि ते काही चूक नव्हतं. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांच्या समूहाची ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनवू लागली. फियाट ११०० हीच गाडी थोडेफार बदल होत होत १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने निघू लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं चित्र डोळ्यांसमोर आणा, तीच ती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. खासगी गाड्यांची गोष्ट वेगळी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण करून घेतलं, तर त्या रस्त्यावर राहू शकतात.

अब्बा जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. १९९६ साली त्यांनी ही १९८८ची गाडी सेकंड हँड घेतली, तेव्हा मी शाळेत होते. गिअरची दांडी स्टिअरिंगला, समोरची सीट सोफ्यासारखी सलग, आणि दार उघडलं की आत बसायला वाकावं लागत नाही. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. अम्मीचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, रिक्षात पाय दुमडून बसता येत नाही. पद्मिनीत मात्र ती आधी बसते, मग पाय आत घेते, आणि अब्बा असल्यासारखी खिडकीला कोपर टेकवून निवांत होते.

अब्बा २०२२ मध्ये गेले. गाडी दोन वर्षं अंगणात लिंबाखाली उभी राहिली. नाशिकहून भाईजान येत, गाडीभोवती एक फेरी मारत आणि म्हणत, “भंगारात देऊन टाकू, अंगण मोकळं होईल.” अम्मी काही बोलत नसे. भाईजान परत गेले की दुसऱ्या दिवशी ती मोलकरणीकडून गाडीच्या काचा पुसून घेई.

तेवढ्यात धुळ्याच्या खालाजानला लकवा झाला. अम्मीची ती एकुलती धाकटी बहीण. अम्मीला धुळ्याला न्यायचं तर कसं न्यायचं, हा प्रश्न आला, आणि मी गाडी चालू करून घ्यायचं ठरवलं.

मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा अब्बांच्या ओळखीचे. जुन्या गाड्यांवर हात बसलेला माणूस. त्यांनी जुनं पेट्रोल काढलं, नवी बॅटरी टाकली, प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, बॉनेटमधला प्लास्टिकचा फिल्टर नवा लावला. गाडी सुरू झाली तेव्हा अम्मी दारात येऊन उभी होती. चाचांनी मेहरूण तलावाला दोन चकरा मारून आणली. “एकदम ओके, बाजी. आता बिनधास्त जा.”

डिसेंबरमध्ये आम्ही निघालो. मी, अम्मी आणि मागे माझी लेक, जी अकरावी सायन्सला आहे. बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी मागे पडली, आणि गाडीने दोन-तीन आचके दिले आणि शांत झाली. दहा मिनिटं थांबून पुन्हा चावी फिरवली तर सुरू! जेमतेम चार किलोमीटर चालली आणि पुन्हा तेच. आम्ही परत फिरलो. परतीला मी घाबरून हळू चालवत होते, तर गाडी घरापर्यंत विनातक्रार आली. ही गोष्ट मी तेव्हा लक्षात ठेवायला हवी होती.

चाचा म्हणाले, “व्हेपर लॉक.” खान्देशातल्या जुन्या गाडीवाल्यांना हा शब्द नवा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. अब्बा उन्हाळ्यात गाडीत पाण्याची बाटली आणि एक फडकं ठेवत. गाडी थांबली की पंपावर ओलं फडकं टाकायचं. पण आम्ही निघालो होतो डिसेंबरच्या सकाळी, मी स्वेटर घातला होता. माझ्या लेकीने हे तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं. चाचांनी डोकं खाजवलं आणि पेट्रोलचा पंप नवा टाकला.

दुसऱ्या खेपेला गाडी पाळधीच्या अलीकडेच थांबली.

मग कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. खर्च सात हजारांच्या पुढे गेला. दर वेळी चाचा तलावाच्या चकरा मारून आणत आणि दर वेळी गाडी एकदम ठीक असे. या काळात ते एकदा म्हणाले होते, “बाजी, त्या कप्प्यात साहेबांची एक वही आहे. उर्दूत लिहिलेली दिसते. मी शिकलो मराठी शाळेत, मला काही ती वाचता येत नाही. काय लिहिलंय बघा ना जरा.” मी म्हणाले, “त्यात पेट्रोलचे हिशेब आहेत, चाचा.” वही न उघडता म्हणाले.

जानेवारीत तिसऱ्यांदा निघालो. मेहरूणच्या बोरांचे दिवस. बाहेरच्यांना केळी आणि भरताची वांगी ठाऊक असतात, पण आमच्या मेहरूणचं नाव बोराच्या जातीला मिळालेलं आहे. खालाजान लहानपणापासून या बोरांची वेडी. अम्मीने निवडून निवडून दोन किलोची पिशवी भरली होती. एरंडोल दिसायला लागलं आणि गाडी बंद पडली. त्या दिवशी दहा मिनिटांनीही सुरू झाली नाही, वीस मिनिटांनीही नाही. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. अम्मीने बोरांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. ती एवढंच म्हणाली, “राहू दे बेटा. नसीब में नहीं.” एका टेम्पोवाल्याने दोर लावून आम्हाला परत आणलं.

गाडी चाचांच्या गॅरेजसमोर सोडली तेव्हा तिथे चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली होती. मी वर्गात क्वचितच ओरडते. त्या दिवशी ओरडले. म्हणाले, “नवा पंप लावला म्हणता, तो नवाच आहे हे कशावरून? जुना रंगवून लावला नाही कशावरून? जुना पंप तुम्ही मला परत का दिला नाही?” चाचांचा शागीर्द, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, आत गेला, एका डब्यातून आमचा जुना पंप काढून आणला आणि माझ्यासमोर बाकावर ठेवला. कागदात गुंडाळलेला होता. वर अब्बांच्या गाडीचा नंबर लिहिलेला. चाचा काहीच बोलले नाहीत. मीही शरमेपेक्षा रागाने घरी आले. वाटलं, पंप दाखवला म्हणून काय झालं, गाडी तर चालत नाही ना.

भाईजानला फोन केला. “ने तुझा भंगारवाला.” येत्या रविवारी तो येणार असं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी गाडीतली कागदपत्रं काढायला बसले. कप्प्यात विम्याचे जुने कागद, एक तसबीह, दोन स्पार्क प्लग आणि ती वही. हिशेबनिसाची लांबट वही. मी उर्दू शिकवते. बावीस वर्षं मुलांना सांगते की आधी धडा नीट वाचा, मग प्रश्नांची उत्तरं लिहा. त्या वहीचं पहिलं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं.

पेट्रोलचे हिशेब होतेच. पण मधे मधे, लाल शाईत, वेगळ्या नोंदी होत्या. तारीख, किलोमीटर आणि काम. ‘पंपाची जाळी साफ.’ ‘कार्बची जाळी साफ.’ आणि २०११ मधली एक: ‘मागच्या चाकाजवळ दुसरा फिल्टर बसवला. टाकीत गंज आहे.’ त्यानंतर दर वर्षी एक ओळ: ‘मागचा फिल्टर बदलला.’ शेवटची ओळ २०२० ची. त्यानंतर अब्बांची तब्येत ढासळली आणि लाल शाई संपली.

मी लेकीला हाक मारली. टॉर्च घेतली. अंगणात सतरंजी अंथरली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली गेले. ओढणी पिनने घट्ट बांधून. टाकीकडून निघालेली नळी हाताने चाचपत पुढे येत गेले. तिथे काळ्या डांबरासारख्या थराखाली एक फुगीर गाठ लागली. गंज लागू नये म्हणून गाडीला खालून जो काळा लेप मारतात, तो लेप गाडीबरोबर फिल्टरवरही बसला होता आणि त्यावर वर्षांचा चिखल. वरून पाहणाऱ्याला ती नळीचाच एक जाड भाग वाटावी. चाचांनी बॉनेटमधला फिल्टर बदलला होता. इथे दुसरा असेल असं कुणाच्या मनात येणार? कारखान्यातून तो आलेलाच नव्हता.

त्याच्या पुढची रबरी नळी दाबली गेल्यासारखी चपटी झाली होती. लेकीने ते पाहिलं आणि म्हणाली, “अम्मी, स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढल्यावर स्ट्रॉ अशीच चिकटते.” सगळा खुलासा त्या एका वाक्यात होता. पंप इंजिनाजवळ पुढे, टाकी मागे. पंप ओढतोय, फिल्टर पेट्रोल सोडत नाहीये, नळी आत खेचली जातेय. गावात हळू चालताना इंजिनाला पेट्रोल थोडं लागतं, तेवढं बंद पडत आलेल्या फिल्टरमधूनही झिरपतं. हायवेवर वेग घेतला की मागणी वाढते, कार्बोरेटरची वाटी रिकामी होते आणि इंजिन गप्प. दहा मिनिटं थांबलं की ओढलेल्या नळीतून थोडं थोडं पेट्रोल पुढे येतं, चार किलोमीटरपुरतं. म्हणून तलावाच्या चकरा नेहमी ठीक निघायच्या. चाचांची तपासणी खोटी नव्हती, तलावाचा रस्ता छोटा होता.

पण डिसेंबरपासूनच एवढं का? गाडी दोन वर्षं उभी होती, टाकीत आधीच गंज. आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्याला टिकतील असे असतात, १९८८ च्या गाडीचे नसतात. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, जुन्या टाकीला चिकटलेला चिकट थर सोडवतं आणि साध्या रबराला मऊ करतं. दोन वर्षं झोपलेला गाळ नव्या पेट्रोलने जागा केला आणि तो सगळा येऊन अब्बांच्या फिल्टरात अडकला. अब्बांनी फिल्टर बसवला नसता तर हाच गाळ पुढे गेला असता.

त्या रात्री मी काहीच खोललं नाही. शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर थेट चाचांच्या गॅरेजवर गेले. गिऱ्हाइकं त्या दिवशीही होती, आणि मला ती हवीच होती. जे सर्वांसमोर बोलले ते सर्वांसमोरच परत घ्यायला हवं होतं. मी चाचांची माफी मागितली, आणि त्या पोराचीही. म्हणाले, “मी बदगुमानी केली. वही माझ्या हातात होती, तुम्ही वाचायला सांगितलं होतं, मी वाचली नाही.” चाचा बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, “फिल्टर कुठे आहे?” माफी मिळाली की नाही हे मला त्यावरून कळलं नाही. पोराकडे बघून त्यांनी मान हलवली आणि दोघं माझ्याबरोबर निघाले.

काम तासाभराचं होतं. ते कसं झालं हे सविस्तर सांगते, कारण आपल्यापैकी कित्येक घरांत एखादी जुनी गाडी, जुनी स्कूटर किंवा पेट्रोलचा जनरेटर असतो आणि त्याच्या फिल्टरकडे कुणी बघत नाही.

आधी चाचांनी बॅटरीची ऋण तार काढली, म्हणजे ठिणगीचा प्रश्न नको. गाडी उघड्यावर, इंजिन गार, जवळ वाळूची बादली. शेजारच्या अंगणात चूल पेटली होती, ती विझेपर्यंत ते थांबले. टाकीतलं पेट्रोल काढताना पोराने सवयीने नळी तोंडाला लावली, तर चाचांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि हातपंप दिला. तोंडाने पेट्रोल ओढताना घोटभर जरी श्वासनळीत गेलं तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते. हे मी शाळेत मुलांना तेव्हापासून सांगते, कारण मोटारसायकलमधून पेट्रोल असं काढणारी मुलं प्रत्येक गल्लीत आहेत.

मग लेप खरवडून क्लिपा सैल केल्या. फिल्टर निघाला तो खालच्या ताटलीत उलटा केला. त्यातून चहाच्या गाळासारखं तांबडं-काळं पाणी आलं. नव्या फिल्टरवर बाण असतो, तो पेट्रोल जिकडे जातं तिकडे, म्हणजे टाकीकडून पंपाकडे हवा. चपटी झालेली नळी टाकून इथेनॉलला टिकणारी नवी नळी घातली, क्लिपाही नव्या. जुनी क्लिप पुन्हा आवळली तर ती नळीला कापते, असं चाचा म्हणाले. त्यांनी टाकी उतरवून आतून धुतली, तिच्या आतल्या नळीच्या टोकाची जाळी ब्रशने साफ केली. पंपाचं वरचं झाकण उघडून खालची जाळी पाहिली, कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पाहिली. म्हणजे एका साध्या गाडीत पेट्रोल पाच ठिकाणी गाळलं जात होतं, आणि आम्ही त्यांपैकी चारच ठिकाणी पाहून सात हजार रुपये घालवले होते.

शेवटी चाचांनी पंपापुढची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडली आणि पोराला इंजिन फिरवायला सांगितलं. इग्निशनची तार काढून ठेवलेली होती. बाटलीत पेट्रोलची पिचकारी ठोक्याठोक्याला, जोरात येऊ लागली. “ही परीक्षा मी पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती,” चाचा म्हणाले. “हायवेवर स्वतः चालवून बघायला हवी होती. माझं पण चुकलं, बाजी.” फिल्टर दीडशे रुपयांचा. मजुरी त्यांनी घेतली नाही. मी जबरदस्तीने पोराच्या हातात ठेवली.

नळ्या जोडल्यावर पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्याला कोरडं बोट लावून पाहिलं. ओलं लागलं असतं तर गाडी हलवायची नव्हती.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. अम्मी काठी टेकत स्वतः फाटकापर्यंत गेली आणि म्हणाली, “गाडी धुळ्याला गेलेली आहे.” गाडी तिच्या मागे दोन हातांवर उभी होती. त्याने गाडीकडे पाहिलं, अम्मीकडे पाहिलं आणि टेम्पो वळवला. भाईजानला मी फोनवर सांगितलं तेव्हा ते आधी चिडले, मग विचारलं, “वही कुठाय? मला फोटो पाठव.” फोटो पाठवले. त्यांना उर्दू वाचता येत नाही, ते इंग्रजी शाळेत शिकले. तासाभराने त्यांचा फोन आला, म्हणाले, “वाचून दाखव.” आम्ही रात्री अकरापर्यंत पेट्रोलचे हिशेब वाचत होतो. २००३ मध्ये त्यांना इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला नाशिकला सोडायला गेले तेव्हाचे लिटर आणि पैसे पण त्यात होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धुळ्याला गेलो. बांभोरी, पाळधी, एरंडोल. एरंडोलच्या अलीकडे ज्या जागी आम्ही थांबलो होतो तिथे मी नकळत एक्सिलरेटरवरचा पाय उचलला. अम्मी म्हणाली, “चला ना, चला.” पारोळ्याला चहा घेतला. उतरून मी गाडीखाली वाकून नवी नळी बघितली, कोरडी होती. दुपारच्या आत धुळ्यात पोचलो.

बोरांचा हंगाम संपत आला होता, पिशवी या वेळी अर्धीच होती. खालाजानला चावता येत नाही. अम्मीने पलंगावर तिच्याजवळ बसून एकेका बोराचा गर बोटांनी सोडवला, बी काढली आणि तिला भरवला. दोघी बहिणी फार काही बोलल्या नाहीत. खालाजानचं बोलणं अजून नीट कळत नाही. पण तिसऱ्या बोरानंतर तिने तोंडातून ‘मेहरूण’ असं काहीतरी काढलं, आणि अम्मीने माझ्याकडे पाहिलं.

परत आल्यावर लाल पेन घेऊन मी वहीत २०२० च्या ओळीखाली नोंद केली. उर्दूत, आणि खाली मराठीत, म्हणजे चाचांनाही वाचता यावी. दुसऱ्या दिवशी त्यांना नेऊन दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि वही परत दिली.

“किलोमीटर लिहिले नाहीत, बाजी.”